थोरलीचं दुखणं

माझ्या ताईला एक सवत आहे, आणि ती ताईच्या आधीपासून घरात आहे. म्हणून ताई तिला थोरली म्हणते. थोरली म्हणजे भावोजींची चेनसॉ, झाडं कापायची पेट्रोलवरची करवत. एके काळी ती केशरी होती म्हणे. मी पाहते आहे तेव्हापासून तिचा रंग गंज, तेल आणि लाकडाचा भुसा यांच्या अधलामधला आहे. तिचं पुढचं हँडल एकदा मोडलं, त्याला भावोजींनी लोखंडी पट्टी मारली. मागच्या झाकणाचा स्क्रू हरवला, तिथे माझ्या शिलाई मशीनचा एक जुना स्क्रू बसवला. त्या नात्यानं थोरली माझीही कुणीतरी लागते.

मी शिंपीण आहे. ताईच्या घराच्या वरच्या मजल्यावर माझी खोली आणि खिडकीशी माझं मशीन. खिडकी बरोबर मागच्या अंगणावर उघडते, त्यामुळे अंगणात काय चाललंय ते मला न विचारता कळतं आणि त्यावर मी न विचारता बोलते. ताईचं लग्न झाल्या झाल्या भावोजींनी माझं नाव सुई ठेवलं. मेहुणीला नावं ठेवणं हा भावोजींचा हक्कच आहे, आणि मीही ते नाव कधी खोटं पडू दिलं नाही.

भावोजींना आमच्या भागात सगळे फांदीवाले म्हणतात. तारांना टेकलेली फांदी, छपरावर झुकलेलं खोड, वाऱ्यानं रस्त्यात आडवं झालेलं झाड, हे त्यांचं काम. त्यांची एक पद्धत आहे. ज्या झाडाला करवत लावायची, त्याच्याखाली बसून आधी डबा खायचा. गिऱ्हाईक कितीही घाई करू दे. "जेवता जेवता झाड नीट दिसतं," असं ते म्हणतात. भार कुठल्या अंगाला आहे, खोड कुठे पोकळ आहे, वारा कुठून येतोय, हे त्यांना घासागणिक दिसत जातं. वर घरटं दिसलं की डब्याचं झाकण लावतात आणि गिऱ्हाइकाला सांगतात, "आत्ता नाही जमणार. वर बिऱ्हाड आहे." गिऱ्हाईक चिडतं, भावोजी हसतात आणि सायकल काढून घरी येतात. ताई त्या दिवशी कामाचं काय झालं हे विचारत नाही, पक्षी कुठला होता ते विचारते.

ताईशी त्यांचं जमलं तेही झाडापायीच. आमच्या वडिलांनी दारातल्या झाडाच्या एक-दोन फांद्या छाटायला त्यांना बोलावलं होतं. काम अर्ध्या दिवसाचं. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा हजर. म्हणाले, झाडाचा तोल बिघडलाय, पलीकडची फांदीही काढायला हवी. तिसऱ्या दिवशी म्हणाले, आता अलीकडची. ताई रोज पाणी घेऊन जायची आणि पाणी द्यायला लागतो त्याच्या कितीतरी पट वेळ लावून परत यायची. झाडाचा नुसता खांब उरला तेव्हा वडिलांच्या डोक्यात प्रकाश पडला. "मुलगी देतो," ते म्हणाले, "पण माझं झाड सोडा." झाडाला पुढे भरपूर पालवी फुटली. लग्नही बरं चाललंय.

काय बघून होकार दिलास असं कुणी विचारलं, तर ताई अजूनही सरळ सांगते, "हात बघून." त्या काळी भावोजी थोरलीला डाव्या हातात अधांतरी धरायचे आणि उजव्या हातानं दोरी खेचायचे. एकच झटका. करवत गर्जत उठायची आणि झाडावरचे कावळे शेजारच्या गल्लीत जायचे. "दुसरा झटका मी कधी बघितलाच नाही," हे ताईचं ठरलेलं वाक्य. पाहुण्यांसमोर ती हे म्हणाली की भावोजी पंख्याकडे बघत बसतात, पण उजवी बाही तेवढी जरा वर सरकवतात.

अशी ही थोरली यंदा रुसली. आधी एकाच्या जागी दोन-चार झटके लागायला लागले, पुढे पुढे आम्ही मोजायचंच सोडलं. खोकल्यासारखा आवाज करायची, भसकन धूर सोडायची आणि गप्प व्हायची. भावोजींनी तिला अधांतरी धरणं बंद केलं. जमिनीवर ठेवून, मागच्या हँडलमध्ये बूट रोवून ओढायला लागले. ओढून ओढून कानशिलं लाल व्हायची. मग आजूबाजूला बघून उजवा खांदा हळूच चोळायचे. आजूबाजूला बघणारा माणूस वर बघत नाही, आणि वर माझी खिडकी.

काय झालं म्हणून विचारलं की उत्तर ठरलेलं, "मशीन बिघडलंय. जुनं झालंय ते."

माझा त्यावर काडीचा विश्वास नव्हता. साठी उलटलेला माणूस, सगळा जन्म दोरी ओढण्यात गेलेला, आता हात थकला तर मशीनला बोल लावतोय. नाचता येईना, अंगण वाकडं! मी हे खारीला बोलूनही दाखवलं. खार म्हणजे ताई-भावोजींची लेक. झाडावर ज्या तऱ्हेनं सुळकन चढते त्यावरून हे नाव पडलं. ती बापाच्याच हाताखाली काम करते. दोर बांधणं, शेंड्यावर जाणं, बारीक फांद्या उतरवणं तिचं आणि थोरलीनं मोठी कापणी बापाची. एरवी माझ्या फालतू विनोदालाही खिदळणारी ती पोर त्या दिवशी हसली नाही. "मावशी, मलाही तसंच वाटतंय गं," एवढंच म्हणाली आणि दोर गुंडाळत बसली.

मग तिनं बॅटरीवरची एक छोटी करवत आणली आणि बापापुढे ठेवली.

"बाबा, ही बघा. दोरी नाही, धूर नाही. बटण दाबलं की चालू."

भावोजींनी बटण दाबलं. गुर्र झालं. सोडलं, बंद झालं. पुन्हा दाबलं, पुन्हा सोडलं.

"ही करवत आहे की मिक्सर?" ते म्हणाले आणि ती ताईकडे सरकवली. "घे, तुझ्या ओट्यावर ठेव."

थोरलीची सेवा मात्र घरात जोरात सुरू होती. मागच्या अंगणातल्या शेडमध्ये सारखं कुणी ना कुणी तिच्यापाशी. कुणी पुसतंय, कुणी साखळीला धार लावतंय, कुणी पेट्रोलच्या डब्याशी खुडबुड करतंय. घरातल्या आजारी माणसाचं करावं तसं सगळे तिचं करत होते, आणि तिचा आजार वाढतच होता.

आणि मग शाळेचा फोन आला. मैदानातलं सगळ्यात मोठं झाड वाऱ्यात उन्मळून कंपाउंडच्या भिंतीवर पडलं होतं. अर्धं मैदान अडलं होतं, मुलांना खेळायला जागा नव्हती. त्या खोडापुढे बॅटरीवाली म्हणजे भाजी चिरायची सुरी. ते थोरलीच्या लांब पात्याचंच काम. शिवाय भावोजी त्याच शाळेत शिकलेले आणि शिक्षा म्हणून त्याच झाडाखाली कितीतरी तास उभे राहिलेले. आम्हाला वाटलं, जुना हिशेब चुकता करायला उड्या मारत जातील. त्यांनी फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "दुसऱ्या कुणाला तरी बघा, बाई. मी आता मोठी कामं घेत नाही."

फोन ठेवून ते खारीला म्हणाले, "भंगारवाल्याला सांग उद्या यायला. थोरली देऊन टाकू."

ताईच्या चपला जिन्यात कशा वाजतात त्यावरून मला तिचं मन कळतं. त्या संध्याकाळी चपला वाजल्याच नाहीत. ती अनवाणी आली आणि माझ्या कापडाच्या ढिगावर बसली.

"त्यांनी काम नाही म्हटलं," ती म्हणाली. "तापानं फणफणलेले असताना कधी नाही म्हटलं नव्हतं."

"वय झालं ताई. हात कधीतरी थकणारच ना."

"पण ते म्हणतात मशीन बिघडलंय."

"म्हणणारच. दुसरं काय म्हणतील?"

ताईनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की हातातली कात्री मी खाली ठेवली.

"तुम्ही सगळे त्यांच्याकडे बघताय," ती म्हणाली. "तो खांदा कसा चोळतात, कसे दमतात. मशीन उघडून बघितलंय का कुणी?"

कुणीच बघितलं नव्हतं. 

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईनं अंगणात जुनं टेबल मांडलं, त्यावर चादर घातली आणि थोरलीला आणून निजवलं. खार पाने आणि स्क्रू-ड्रायव्हर घेऊन उभी राहिली. मीही शिलाई टाकून खाली गेले, कारण तमाशा दुरून बघण्यात अर्थ नसतो. भावोजी एका उलट्या खोक्यावर आमच्याकडे पाठ करून बसले होते.

"उगाच आटापिटा करताय," ते म्हणाले. "भंगारवाला येईल आता."

"येऊ दे. चहा देईन त्याला," ताई म्हणाली.

खारीनं टाकीचं झाकण उघडलं. पेट्रोल होतं.

"हवेचा फिल्टर बघ," भावोजी पाठमोऱ्यानंच म्हणाले.

फिल्टर स्वच्छ होता. इतकी सेवा चालली होती, घाण राहणार कुठून?

"मग प्लग काढ." खोका जरासा आमच्या बाजूला वळला होता.

खारीनं प्लग काढला आणि नाक मुरडलं. "काळाकुट्ट आहे, बाबा. आणि ओला, चिकट."

"पुसून घे. तारेच्या ब्रशनं घास. ठिणगी पडते का बघ."

तिनं प्लग घासला, लोखंडाला टेकवून दोरी ओढली. टिचकन निळी ठिणगी पडली. ताईला ती इतकी आवडली की तिनं पुन्हा पाडायला लावली. मग प्लग जागेवर बसवला, खारीनं ओढून ओढून पाहिलं. खों, खों, भसकन धूर आणि गप्प. प्लग काढला तर पुन्हा ओला.

"पेट्रोल आहे, हवा आहे, ठिणगी आहे," भावोजी म्हणाले. आता ते खोक्यासकट टेबलापाशी आले होते. "मग हिला हवंय तरी काय?"

"माहेरी जायचं असेल," मी म्हणाले. कुणी हसलं नाही.

ताई करवतीभोवती एक चक्कर मारून आली. इतकी वर्षं सवतीबरोबर नांदली, पण तिच्या पोटात काय आहे हे तिनं कधी विचारलं नव्हतं. "हवा आत कुठून जाते ते कळलं," ती म्हणाली. "बाहेर कुठून येते?"

भावोजींनी तिच्याकडे पाहिलं, मग खारीच्या हातातून पाना घेतला. सायलेन्सरचं झाकण त्यांनी स्वतः उघडलं. आत धूर जिथून बाहेर पडतो तिथे एक बारीक जाळी असते, ठिणग्या बाहेर उडू नयेत म्हणून. ती जाळी आता जाळी राहिलीच नव्हती. काळ्या काजळीचा नुसता पापुद्रा. एकही भोक दिसेना.

"अगं, यंदा थोरली रुसायच्या आधीच तर मी ही साफ केली होती," भावोजी म्हणाले. "एवढं कसं काय साचलं?"

खारीनं पेट्रोलचा डबा उघडून थोडंसं तळहातावर घेतलं आणि बोटांनी चोळलं. अशा करवतीच्या पेट्रोलमध्ये जुन्या स्कूटरसारखं थोडं तेल मिसळावं लागतं. पण थोडं. कमी पडलं तर इंजिन जळतं, जास्त झालं तर इंजिन गुदमरतं.

"बाबा," खार म्हणाली, "हे पेट्रोलमधलं तेल आहे की तेलातलं पेट्रोल?"

"मी मापानं घालतो!" भावोजी उसळले. "जन्मभर मापानंच घालत आलोय."

"अगदी मापानं?"

"अगदी मापानं." मग जरा थांबून, "आणि वर एक धार."

"कसली धार?"

"अगं, म्हातारी झाली ना ती! म्हाताऱ्या हाडांना तेल जास्त लागतं. यंदापासून घालतोय. एवढीशी धार. तेवढ्यानं काय होतंय?"

 खार प्लग हातात फिरवत राहिली आणि तिचे कान लाल झाले. बापाचेच कान तिला मिळालेत, त्यामुळे लपत काही नाही.

"काय गं?" भावोजींनी विचारलं.

"मीपण घालत होते," ती म्हणाली. "तुम्ही नसताना. मला वाटलं, आत बुळबुळीत झालं की दोरी हलकी येईल. तुम्हाला सारखं ओढावं लागतं, तर..."

यावर ताईनं काहीतरी बोलायला हवं होतं. ताई गप्प बसलेली मी तिच्या लग्नात, फोटो काढताना, तेवढी पाहिली आहे. आता ती वळली होती आणि दोरीवरचे कपडे चाचपत होती. कपडे आत्ताच वाळत घातलेले होते, त्यांच्यातून पाणी गळत होतं.

तेव्हा माझ्या डोक्यात सगळं एका ओळीत आलं आणि मला हसू आवरेना.

"एकट्या खारीला कशाला त्रास देताय? मला विचारा," मी म्हणाले. "मी वरून बघते ना रोज. सकाळी भावोजी शेडमध्ये जातात, डब्यात तेल घालतात. दुपारी ते जरा पडले की ही खार जाते, तेल घालते. संध्याकाळी दोघं आंघोळीला गेले की ताई पदराआड बाटली घेऊन जाते. मला वाटायचं, काय नशीब काढलंय या करवतीनं! माझ्या मशीनला कुणी एक थेंब घालत नाही."

"मग तू बोलली का नाहीस?" तिघंही एकदम ओरडले.

"मला काय ठाऊक तेल बाधतं ते! माझ्या मशीनला जास्त झालं तर कापडाला डाग पडतो, एवढंच. आणि मला वाटलं, तुमचं आपसात ठरलेलं असेल."

 मग खारीच्या नाकातून एक आवाज निघाला आणि ती पोट धरून जमिनीवरच बसली. ताई ओल्या चादरीत तोंड खुपसून हसत होती. सात सुगरणी आणि भाजी अळणी असं ऐकलं होतं, इथे तीन सुगरणी आणि थोरलीला अजीर्ण! ती चालू होईना म्हणून तेल, तेलानं आणखी गुदमरली, म्हणून आणखी तेल. बिचारीला बोलता येत असतं तर तिनं कधीच हात जोडले असते.

"म्हणजे अंगण खरंच वाकडं होतं तर!" मी बोलून गेले.

भावोजी हसत नव्हते. उघडी करवत बघत उभे होते, विचारात पडल्यासारखे.

त्यानंतर काम झपाट्यानं झालं. जाळी विस्तवावर तापवून झटकली, तारेच्या ब्रशनं घासली, आणि जी भोकं तरीही उघडेनात ती मी माझ्या गोधडी शिवायच्या सुईनं एकेक करून मोकळी केली. उजेडाकडे धरली तर पलीकडचा सूर्य दिसला. नवा प्लग लावला. टाकी रिकामी करून धुतली. नवं पेट्रोल आलं. भावोजींनी मापात तेल ओतलं. आम्ही तिघी त्यांच्या हाताकडे बघत होतो. माप रिकामं झाल्यावर त्यांचा हात सवयीनं पुन्हा बाटलीकडे गेला, आणि त्याच वेळी ताईचाही गेला. मी बाटली उचलली आणि माझ्या शिलाईच्या डब्यात टाकून झाकण लावलं.

सगळं जागच्या जागी बसलं. थोरली जमिनीवर ठेवली. आणि आता काय व्हायचं ते आम्हा चौघांनाही कळलं होतं. आता मशीनमध्ये काही खोट नव्हती. आता ती चालू झाली नाही, तर सांगायला काही उरलं नव्हतं.

"तू ओढ," भावोजी खारीला म्हणाले.

"नाही बाबा. तुमची आहे ती."

"अगं, ओढ ना. काय फरक पडतो?"

खारीनं हात मागे घेतले. भावोजींनी माझ्याकडे पाहिलं. मी कधी नव्हे ते जमिनीकडे पाहिलं.  सकाळपर्यंत मी या माणसाला वाकड्या अंगणावरून हसत होते आणि आता मनातल्या मनात थोरलीच्या पाया पडत होते.

"ओढा," ताई म्हणाली. आग्रह नाही, धीर नाही. ताट वाढलंय, बसा, असं म्हणावं तसं म्हणाली.

भावोजी वाकले. मागच्या हँडलमध्ये बूट रोवला, डाव्या हातानं पुढचं हँडल दाबलं, चोक ओढला. उजवा हात दोरीवर नेला आणि थोडा वेळ तसाच ठेवला. मग ओढलं.

खों. आणि गप्प.

 ताईनं माझं मनगट पकडलं. भावोजींनी मान वर केली, तर चेहऱ्यावर हसू.

"बघताय काय अशा? टाकी धुतल्यावर आधी एकदा खोकायलाच हवं तिनं. चोक असतो तेव्हा असंच असतं," ते म्हणाले. "किती दिवसांनी सरळ खोकली!" त्यांनी चोक आत ढकलला आणि पुन्हा ओढलं.

थोरली गर्जली. अशी गर्जली की दोरीवरची ओली चादर थरथरली, शेजारच्या छपरावरचे कावळे उडाले आणि अंगणाच्या दारात नुकताच येऊन उभा राहिलेला भंगारवाला दोन्ही कानांवर हात ठेवून आल्या पावली परत गेला. खार नाचत होती. मी काहीतरी ओरडत होते, काय ते मलाही ऐकू येत नव्हतं. भावोजींनी थोरलीला उचललं, तिचा आवाज चढवला, उतरवला, बंद केली. पुन्हा ओढली. चालू. बंद केली. पुन्हा ओढली. चालू. लहान मुलाला दिव्याचं बटण सापडावं तसं त्यांचं चाललं होतं.

शेवटी त्यांनी ती बंद करून टेबलावर ठेवली आणि खोक्यावर बसले.

"मी खोटं बोलत होतो," ते म्हणाले.

"काय?" ताईनं विचारलं. आमचे कान अजून बधिर होते.

"मशीन बिघडलंय, मशीन बिघडलंय म्हणत होतो ना, ते खोटं होतं. मला वाटायचं, माझा हातच गेला. तुला कसं सांगायचं ते? तू याच हाताकडे बघून..." त्यांनी उजवी बाही खाली ओढली. "म्हणून मशीनवर ढकलत होतो. साफ खोटं बोलत होतो गं. आणि ते खरं निघालं!"

 खार पाना पुसत होती, पुसलेलाच पाना पुन्हा पुन्हा. मी त्या माणसाला महिनोन्‌महिने हसले, खार त्याच्यासाठी झुरली, आणि त्यानं स्वतःला तर केव्हाच मोडीत काढलं होतं. त्याचं म्हणणं खरं मानणारं घरात एकच माणूस होतं, आणि ते आता कमरेवर हात ठेवून त्याच्यासमोर उभं होतं.

"मला काय माहीत तुम्ही खोटं बोलताय ते?" ताई कडाडली. "तुम्ही म्हणालात मशीनचं दुखतंय, मी मशीनला तेल घातलं. हाताचं दुखतंय म्हणाला असतात तर हाताला लावलं असतं!"

भावोजींनी आधी तिच्याकडे नुसतं पाहिलं. मग त्यांचे खांदे हलायला लागले. ते हसले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले, आणि ते पाणी बाहीनं पुसताना हसणं कधी थांबलं ते कळलं नाही. ताई त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिली. त्यांनी कपाळ तिच्या कमरेशी टेकवलं. ती त्यांच्या केसांतला भुसा काढत राहिली, जणू अंगणात दुसरं कुणी नव्हतंच.

थोड्या वेळानं भावोजींनी मान वर केली आणि खारीला म्हणाले, "शाळेत फोन लाव. बाईंना सांग, दुपारी दोघं येतोय. डबा तिथेच खाऊ. आणि पहिली कापणी तू करायचीस. थोरलीनं."

"मी?" खारीचा आवाज चिरकला. "आणि तुम्ही?"

"मी बसून सांगेन." त्यांनी शर्टाची वरची बटणं सोडली, उजवा खांदा उघडा केला आणि ताईपुढे धरला. मग सगळ्या अंगणाला, वर माझ्या खिडकीला आणि पलीकडच्या शेजाऱ्यांनाही ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाले, "माझा खांदा दुखतो!"

इतक्या आनंदानं आपलं दुखणं सांगणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.